एक ठोका कमी

कोलंबांनं फडक्यातून काढून चाकू टेबलावर ठेवला
तेव्हा खाली द्युरॉल नदी नेहमीसारखी
दगडांशी हुज्जत घालत चालली होती.
"वडिलांचा. खरा आहे का, एवढंच सांगा."

एवढंच म्हणे.

तिएर गावात हा प्रश्न मला विचारतात
तो डॉक्टरला विचारल्यासारखा: गाठ साधीच आहे ना?
एकोणचाळीस वर्षं मी घडीचे चाकू जुळवले.
आता दर गुरुवारी नगरपालिकेच्या या गार खोलीत बसून
लोकांचे खिसे जोखते.

आधी बघायचं नाही, ऐकायचं.
पातं उघडलं: खट्.
हलका चाकू च्यक् करतो,
शेजारणीनं जिभेनं हळहळ केल्यासारखा.
हा खट् म्हणाला. बरं.

मग चिमटीत धरून डावी-उजवीकडे.
हलतं. केसभर.
मग खिडकीसमोर: स्प्रिंग आणि पत्रा यांच्यामधून
उजेड दिसता कामा नये.
दिसला, कागद सरकेल एवढा.
मग मधमाशी, पाठीवरची.
ती स्प्रिंगच्याच पोलादातून ठोकून काढायची असते.
हिला डाख दिलेला, नखाला कड लागली.
मूठ म्हणे शिंगाची. त्याला विचारून
आतल्या बाजूला तापली सुई टेकवली.
शिंग जळताना केसांचा वास येतो.
हिला बादलीचा आला.

पातं मात्र झिजून निम्मं झालेलं.
पाणी कुणी दिलं होतं कोण जाणे, पण घाईत दिलं नव्हतं.
"बाबा यानंच पाव कापायचे," कोलंबां सांगत होता,
"शेळ्यांचे खूर तासायचे, आणि एकदा
आईच्या पायाचं प्लास्टर, दवाखान्यात जायला नको म्हणून.
आई आठवडाभर बोलली नाही."
मार्सलें नाव होतं त्यांचं.
मी मान हलवत होते आणि
शेपटीकडच्या रिव्हेटकडे बघत होते.

डोकं जरा डावीकडे चेपलेलं.
आमच्या कारखान्यात डावखुरी मी एकटी.

त्या हिवाळ्यात ऑर्डरी आटल्या होत्या.
शोमेट मालकांनी रात्री पेट्या उतरवून घेतल्या.
कुठून आल्या ते पेट्यांवर लिहिलेलं नव्हतं,
आम्ही विचारलं नाही. चौघीजणी, पगार रोख.
मूठ बसवायची, माशी चिकटवायची,
पात्यावर गावाचं नाव ठोकायचं.
माझे आजोबा याच नदीकाठी पालथे पडून
फिरत्या सहाणेवर पाती घासायचे,
पोटरीवर कुत्रा, उबेला.
त्यांना हे कळलं असतं तर
ते कुत्र्याशी बोलले असते, माझ्याशी नाही.

रिव्हेटला सात ठोके द्यायचे असतात.
त्या तीन महिन्यांत मी सहा दिले.
लाजेनं, कंटाळ्यानं, की मालकावरच्या रागानं,
तेव्हाही ठरवलं नव्हतं.

"खोटा आहे," मी म्हटलं. "आणि मीच केलाय."

त्यानं चाकूकडे पाहिलं,
मग माझ्या हातांकडे, जरा जास्त वेळ.
मला वाटलं आता उठेल.
"बरं," तो म्हणाला, "पण टिकेल का?"

खणातून हातोडी काढली.
चाकू लोखंडी ठोकळीवर आडवा ठेवला,
चष्मा वर सरकवला, कारण इतक्या जवळचं
मला चष्म्याशिवायच दिसतं.
सातवा.

पातं हलायचं थांबलं.
उजेडाची फट होती तशीच राहिली,
तिला माझ्याकडे उपाय नाही, हेही सांगितलं.

जाताना त्यानं दोन युरोचं नाणं ठेवलं.
आमच्याकडे चाकू देणाऱ्याला नाणं देतात,
मैत्री कापली जाऊ नये म्हणून.
मी म्हटलं, अरे, चाकू तुझाच होता.
तो म्हणाला, दिलात तुम्हीच ना.

दार लागल्यावर
मी ते नाणं टेबलावर वाजवून पाहिलं.
सवय.